आठ महिन्यांनंतर: बाहेरून मागवलेला छोटा लेथ आणि त्याचं लाल बटण

पहिल्या महिन्यात याच लेथला (धातू फिरवून कातायच्या मशीनला) मी पाचपैकी पाच तारे दिले होते. ते मागे घेतो.

तीन आठवड्यांपूर्वी बार (धातूची सळई) टर्न करताना, म्हणजे फिरवून कातताना, वीज गेली. जॉब (कातायचा तुकडा) काढून ठेवू म्हणून मी तो धरणाऱ्या फिरत्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, ती सैल करायची चावी घातली, आणि तेवढ्यात वीज आली. वेगाचा नॉब जिथे होता तिथेच होता. चक गरकन फिरला, चावी हातातून उडून मागच्या पत्र्यावर आदळली. पत्र्याला बोटभर खोच आहे. पकड सैल होती म्हणून मनगट वाचलं. मेन स्विच बंद न करता चावी लावली ही माझी चूक, ती मान्य. पण वीज परत आल्यावर मशीनने आपोआप सुरू होऊन कुणाला धोक्यात टाकू नये, हे यंत्रसुरक्षेतलं अगदी पायाभूत आहे. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या काही स्पीड बोर्डांवर नॉब शून्यावर आणल्याशिवाय मोटर उचलतच नाही. यावर तेही नाही.

मग मी लाल बटण तपासलं. दाबलं की मशीन थांबते, बटण खटक्याने अडकून राहतं. आणि फिरवून मोकळं केलं की चक लगेच पुन्हा फिरायला लागतो! आयएसओ १३८५० हे आपत्कालीन थांब्याचं मानक नेमकं हेच होऊ देत नाही. बटण मोकळं केल्याने फक्त पुन्हा सुरू करता येण्याजोगी स्थिती यावी. सुरू करायला वेगळं बटण दाबावं लागलं पाहिजे. लाल बटण, खाली पिवळी पट्टी, दिसायला सगळं मानकाप्रमाणे. आठ महिने मी त्याच्या भरवशावर काम केलं.

आधी वाटलं बटणच बोगस आहे. विक्रेत्याकडे तक्रार केली, त्यांनी नवीन बटण पाठवलं. तेही तसंच वागलं. शेवटी मागचा डबा उघडला तेव्हा कळलं की बटणाचा बिचाऱ्याचा दोष नाही. आत कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच) नाही, वीज गेली की सुटणारी नो-व्होल्ट कॉइल नाही. बटण सरळ मेन लाइनमध्ये साध्या स्विचसारखं जोडलेलं.

त्याच डब्यात आणखी वाईट सापडलं. अर्थची हिरवी-पिवळी वायर रंगावरच स्क्रूने आवळलेली होती. मल्टिमीटर लावला तर प्लगची अर्थ पिन आणि बेड (मशीनचा लोखंडी पाया) यांच्यात जोडणी कधी लागते, कधी नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे म्हणून मी निर्धास्त होतो. पण अर्थ तुटलेला असेल तर गळतीला वाट मिळत नाही, ती मशीनच्या अंगावर उभी राहते. आरसीसीबी पडतो तो कुणीतरी हात लावल्यावर, प्रवाह त्याच्या अंगातून गेल्यावर.

पाटीवर सीई, म्हणजे युरोपीय नियम पाळल्याची खूण, छापलेली आहे. कागद मागितला तर आलेल्या प्रमाणपत्रावर मॉडेल नंबर दुसरा, आणि विषय फक्त विद्युतचुंबकीय अनुरूपता, म्हणजे इतर उपकरणांना विद्युत व्यत्यय न येणं वगैरे. यंत्रसुरक्षेचा त्यात शब्द नाही. बहुतेक यंत्रांवर ही खूण उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, तिसऱ्या कुणी मशीन तपासलेली असतेच असं नाही. मी पैसे वाचवायला थेट मागवली, म्हणजे मधे तपासणारा आयातदारही मीच गाळला.

लोखंडाबद्दल अजूनही तक्रार नाही. बेड सरळ, स्पिंडलचा (चक फिरवणाऱ्या दांड्याचा) रन-आउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, ०.०२ मि.मी.च्या आत, थ्रेडिंग (आटे पाडणं) नीट होतं. म्हणूनच राग जास्त येतो. जिथे मेहनत लागते तिथे त्यांनी ती घेतली, आणि एका कॉन्टॅक्टरवर काटकसर केली.

आता जाणकार वायरमनकडून कॉन्टॅक्टर बसवून घेतला आहे. वीज गेली की कॉइल सुटते, हिरवं बटण दाबेपर्यंत पुन्हा धरत नाही. लाल बटण कॉइलच्या वाटेत आणलं. रंग खरवडून, दातेरी वॉशर टाकून अर्थ नव्याने आवळला. दर रविवारी मशीन चालू ठेवून मेन स्विच पाडतो, परत लावतो, आणि चक स्थिर आहे ना ते लांबून बघतो.

चक गार्ड (चकवरचं संरक्षक झाकण) उघडा असतानाही मशीन चालते, ते काम अजून राहिलं आहे. मुलीला टर्निंग शिकायचं आहे, रोज विचारते. गार्डचा स्विच बसेपर्यंत तिला नाही म्हणतो आहे. दोन तारे.