गोठवलेल्या मानवी कूर्चापेशी: दर्जा उत्तम, माहितीपत्रक अपुरे

परळ येथील आमच्या प्रयोगशाळेत गुडघ्याच्या सांधेझिजेवरील संशोधनासाठी एका परदेशी कंपनीच्या गोठवलेल्या मानवी कूर्चापेशी (सांध्यातील हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेच्या पेशी) मुंबईतील वितरकामार्फत मागवल्या होत्या. एका कुपीत पाच लाख पेशी असतात. सोबत दात्याचे वय व लिंग आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी यांच्या चाचण्यांचे अहवाल मिळतात.

पेशींच्या दर्जाविषयी तक्रारीला जागा नाही. 37 अंशांच्या पाण्यात कुपी धरून बर्फाचा अगदी छोटा कण उरला असतानाच ती बाहेर काढली आणि डीएमएसओ (गोठवताना पेशींचे रक्षण करणारे रसायन) लगेच विरळ केले, तेव्हा मृत पेशींना निळा रंग देणाऱ्या ट्रिपॅन ब्लू तपासणीत बहुतांश पेशी जिवंत आढळल्या. दुसऱ्या दिवशी त्या फ्लास्कच्या तळाला चिकटून बहुकोनी आकारात नीट पसरलेल्या होत्या. त्यांचा गोळा करून टीजीएफ-बीटा हे वाढीला चालना देणारे प्रथिन असलेल्या पोषक माध्यमात तीन आठवडे वाढवल्यावर त्याचा छेद सॅफ्रानिन-ओ या रंगद्रव्याने गडद नारिंगी रंगला, म्हणजेच पेशींनी भोवती कूर्चेत असते तसे प्रोटिओग्लायकनयुक्त द्रव्य तयार केले होते. इंटरल्युकिन-1 बीटा हे दाह वाढवणारे प्रथिन दिल्यावर एमएमपी-13 हे कूर्चा झिजवणारे विकरही अपेक्षेप्रमाणे वाढले.

माझा आक्षेप माहितीपत्रकावर आहे. पेशी दहा वेळा दुप्पट होतील अशी हमी त्यात ठळकपणे दिली आहे, परंतु तोवर त्या कूर्चापेशी म्हणून कितपत उरतील, याविषयी एक वाक्यही नाही. सपाट प्लास्टिकवर वाढताना या पेशी लांबट होत जातात, कूर्चेचे खास प्रथिन असलेले टाइप 2 कोलॅजन कमी आणि टाइप 1 अधिक बनवू लागतात, हे या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. अशा बदललेल्या सशाच्या पेशी अगारोज या जेलमध्ये ठेवल्यास मूळ गुणधर्म परत येतात, हे बेन्या आणि शेफर यांनी 1982 मध्येच दाखवले होते. आमच्याकडेही चौथ्या पॅसेजनंतरच्या (पॅसेज म्हणजे पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवून पुन्हा वाढवण्याची एक फेरी) गोळ्यांवर रंग फिकटच चढला. नव्याने काम सुरू करणारा विद्यार्थी त्या हमीवर विसंबला, तर त्याचे कित्येक महिने वाया जातील आणि कोणा दात्याने विश्वासाने दिलेली ऊतीही. कूर्चेत पेशी मुळातच फार थोड्या असतात, त्यामुळे ही हानी मला किरकोळ वाटत नाही. पुरवताना पेशी कितव्या पॅसेजमध्ये आहेत आणि कितव्यापर्यंत वापराव्यात, हे कंपनीने प्रत्येक लॉटसोबत (एकाच दात्याच्या पेशींच्या कुप्यांच्या संचासोबत) छापलेच पाहिजे.

वितरकाची सेवा मात्र चोख होती. ऐन पावसाळ्यात सीमाशुल्काचे सोपस्कार लांबले, तरी त्यांनी पेटीत पुन्हा कोरडा बर्फ भरून घेतला होता. पेटी मिळताच कुप्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत हलवाव्यात. उणे 80 अंशांचा फ्रीझर दीर्घ साठवणुकीसाठी पुरेसा नाही. दात्यागणिक पेशींचा प्रतिसाद बराच बदलतो, म्हणून एका प्रयोगमालिकेला लागतील तेवढ्या कुप्या एकाच लॉटमधून राखून ठेवण्यास सांगावे, आणि निष्कर्ष मांडण्यापूर्वी तोच प्रयोग दुसऱ्या दात्याच्या पेशींवर करून पाहावा.