जर्मनी की पोलंड? युरोपातलं पहिलं युनिट टाकण्याआधी

भोसरी, चाकण किंवा शिरोलीत सुटे भाग बनवून युरोपात पाठवणाऱ्यांना आता तिकडचं गिऱ्हाईक स्पष्टच सांगतं: माल आमच्याजवळ ठेवा, शेवटचं मशिनिंगही इथेच करा. 2023 च्या अखेरपासून लाल समुद्र टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हापासून हा आग्रह वाढलाय. मोटार उद्योगाचा विचार केला तर बहुतेकांची यादी दोन नावांवर येऊन थांबते. माझं मत आधीच सांगून टाकतो. ड्रॉइंग पक्कं झालेला, भावात घासाघीस होणारा माल असेल तर पोलंड. गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरसोबत बसून अजून घडवायचा माल असेल तर जर्मनी. मात्र ‘जर्मनीत मंदी आहे, म्हणून पोलंड’ एवढ्याच कारणावर जाऊ नका.

सगळे मजुरीपासून सुरुवात करतात, आपणही करू. युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट हिच्या 2024 च्या आकडेवारीत कामाचा एक तास मालकाला जर्मनीत साधारण 43 युरोंना पडतो, पोलंडमध्ये साधारण 17 युरोंना. त्यात पश्चिम जर्मनीतल्या धातू उद्योगाच्या वेतन करारात आठवडा 35 तासांचा आणि रजा 30 दिवसांची. पोलंडमध्ये आठवडा 40 तासांचा, रजा अनुभवानुसार 20 किंवा 26 दिवस. जर्मन कामगार आजारी पडला तर पहिले सहा आठवडे पूर्ण पगार मालकाने द्यायचा.

पण हे अंतर कायमचं धरू नका. पोलंडचं किमान वेतन 2020 मध्ये महिना 2,600 झ्लॉटी (तिथलं चलन) होतं, 2025 मध्ये ते 4,666 झ्लॉटी झालं. पाच वर्षांत जवळपास 80 टक्के वाढ. माणसंही सहज मिळत नाहीत. नैऋत्य पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहराच्या पट्ट्यात एलजीचा बॅटरी कारखाना, यावोरला मर्सिडीजची इंजिनं, वाऊबझिखला टोयोटा. संगणकावर चालणारी सीएनसी मशिनं हाताळणाऱ्या चांगल्या ऑपरेटरवर या सगळ्यांचा डोळा असतो. शिवाय तुमची विक्री युरोत आणि पगार झ्लॉटीत, म्हणजे चलनाची जोखीम तुमचीच.

विजेबाबत अनेकांचा अंदाज चुकतो. 2021 मध्ये जर्मनीच्या आयात गॅसपैकी निम्म्याहून जास्त रशियाकडून येत होता. तो बंद झाला आणि 15 एप्रिल 2023 ला शेवटच्या तीन अणुभट्ट्याही थांबल्या. रसायन, काच आणि ओतकाम या धंद्यांना त्याचा जबर फटका बसला. मग पोलंडमध्ये स्वस्त वीज मिळेल? नाही. तिथली साधारण निम्मी वीज अजून कोळशाची, आणि त्यातून निघणाऱ्या कार्बनच्या प्रत्येक टनावर परवान्याचा खर्च चढतो. पहिलं अणुवीज केंद्र 2036 च्या आधी अपेक्षित नाही. त्यामुळे भट्टी दोन्हीकडे नेऊ नये असंच मी सांगेन. ओतकाम कोल्हापुरातच राहू द्या, तिकडे फक्त मशिनिंग, तपासणी आणि साठा. मात्र 1 जानेवारी 2026 पासून युरोपचा सीमेवरचा कार्बन कर, म्हणजे आयात माल बनवताना निघालेल्या कार्बनवरचा आकार, प्रत्यक्ष लागू झालाय. पोलाद आणि त्याच्या नट-बोल्टसारख्या वस्तू त्यात येतात. तुमचा माल कोणत्या कस्टम्स कोडखाली जातो, हे जागा शोधण्याआधी तपासा.

नफ्यावरचा कर जर्मनीत सगळं धरून सुमारे 30 टक्के; त्यातला एक भाग नगरपालिका ठरवते. 2028 पासून केंद्राचा हिस्सा दरवर्षी एका टक्क्याने उतरत 2032 ला 15 वरून 10 वर येईल. पोलंडमध्ये 19 टक्के, छोट्या कंपनीला 9, आणि सरकारी गुंतवणूक योजनेत बसलात तर 10 ते 15 वर्षं सवलत. इथे पोलंड सरळ पुढे आहे.

जर्मनीची दुखणी खरी आहेत. 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी अर्थव्यवस्था आकसली. लुडेनशाइडजवळचा ए-45 महामार्गावरचा पूल डिसेंबर 2021 मध्ये अचानक बंद करावा लागला आणि सुट्या भागांच्या कारखान्यांनी भरलेल्या त्या भागातले ट्रक गावातल्या रस्त्यांवर आले. तरीही तिथलं टूलिंगचं, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवण्याचं ज्ञान, शिकाऊ कामगार घडवण्याची पद्धत आणि फ्राउनहोफरसारख्या संशोधन संस्था यांना पोलंडमध्ये आज तोड नाही. भारत फोर्जने 2004 मध्ये जर्मनीतल्या एनेपेटालची कार्ल डान पेडिंगहाउस ही फोर्जिंग कंपनी विकत घेतली, तेव्हा भट्ट्यांसोबत गिऱ्हाइकं आणि हातातलं कसब घेतलं. आजही वारस नसलेले म्हातारे मालक कारखाने विकायला काढतात. किंमत आकर्षक वाटते, पण जुन्या पेन्शनची देणी आणि कामगार कमी करताना द्यावा लागणारा मोबदला वकिलाकडून मोजून घ्या. सौद्याचा खरा भाव तिथे कळतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पोलंड हा जर्मनीच्या मंदीपासूनचा आसरा नाही. पोलंडच्या निर्यातीतला चौथ्या हिश्शाहून जास्त माल जर्मनीतच जातो. फोक्सवॅगन 2030 पर्यंत जर्मनीत 35,000 हून अधिक नोकऱ्या कमी करणार, सुटे भाग बनवणारी झेडएफ 2028 पर्यंत 14,000 पर्यंत. अशा कंपन्यांच्या ऑर्डर आटल्या की झळ पोलिश पुरवठादारालाही बसते. खरा बचाव गिऱ्हाइकं वेगवेगळी ठेवण्यात आहे. व्हॅन, रेल्वे, संरक्षण इथे मागणी दिसते. पोलंड आपल्या उत्पन्नाच्या 4 टक्क्यांहून अधिक संरक्षणावर खर्चतोय, आणि जर्मनीने मार्च 2025 मध्ये पायाभूत सुविधांसाठी 500 अब्ज युरोंच्या निधीचा मार्ग मोकळा केला.

कोल्हापूरकरांना पोलंडशी बोलणी करताना एक जुना धागा सापडतो. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत हजारो पोलिश निर्वासित राहिले होते, आणि त्याची आठवण तिथे आजही मनापासून काढली जाते. पहिली भेट त्याने सोपी होईल. भाव मात्र भावावरच ठरेल.

ज्यांचा माल पहिल्या प्रकारचा, म्हणजे पक्क्या ड्रॉइंगचा आहे, त्यांनी लगेच जमीन घेऊ नये. व्रोत्सवाफजवळ भाड्याचं गोदाम घ्या, मशिनिंग स्थानिक जॉब शॉपकडून, म्हणजे मजुरीवर काम करून देणाऱ्या वर्कशॉपकडून करून घ्या. जर्मनीतलं ड्रेस्डेन तिथून सुमारे 270 किलोमीटर, सगळा महामार्ग. फक्त जर्मनीने ऑक्टोबर 2023 मध्ये आणि पोलंडने जुलै 2025 मध्ये या सीमेवर तपासणी सुरू केलीय. गिऱ्हाइकाला पोहोचण्याची वेळ कबूल करताना तिथे जाणारे तास आधीच धरा.