छोट्या कुत्र्यासाठी काटेरी जॅकेट: घ्यावं का?

चिहुआहुआ, पॉमेरेनियन, यॉर्की अशा दोन ते पाच किलोच्या कुत्र्यांसाठी चावा अडवणारी जॅकेटं आता बाजारात बरीच आहेत. पाठीवर आणि छातीवर केव्हलरसारखं सहजी न फाटणारं कापड, मानेभोवती प्लास्टिकचे काटे. काही मॉडेल्सना पाठीवर चिकटवायची जादा काटेरी पट्टी आणि साळिंदरासारखे उभे नायलॉनचे केसही मिळतात. आमच्याकडून या प्रकाराला पाचपैकी तीन गुण. दोन का कापले, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

यातलं सगळ्यात ओळखीचं नाव कोयोटव्हेस्ट. २०१४ साली अमेरिकेत सान दिएगो इथल्या एका कुटुंबाचं छोटं कुत्रं कोयोटने मारलं आणि त्यातून ही कल्पना निघाली. कोयोट म्हणजे साधारण दहा ते वीस किलोचं रानटी जनावर. मानेत पकडायचं आणि उचलून पळ काढायचा, ही त्याची रीत. मानेवरचे काटे त्यासाठीच आहेत. तोंडाला टोचलं की सावध शिकारी जनावर बऱ्याचदा नाद सोडतं. पस्तीस-चाळीस किलोचा रॉटवायलर किंवा जर्मन शेफर्ड अंगावर आला, तर हिशोब बदलतो. चवताळलेला कुत्रा टोचण्याची फारशी पर्वा करत नाही. तो पाठीत किंवा बरगड्यांवर पकडतो आणि झटके देतो.

घात होतो तो या झटक्यांनी. सुळ्यांची भोकं वरून दोन-चारच दिसतात, पण कुत्र्याची कातडी सैल असते. दातात धरलेली कातडी हलते तशी खालचा स्नायू सुटतो, बरगडी मोडते, फुप्फुसाला भोक पडतं. केव्हलर दात आत घुसू देत नाही, किंवा निदान कमी घुसू देतं. पण जबड्याचा दाब आणि झटका कापडातून तसाच आत पोचतो. शिवाय पोट, पाय आणि तोंड उघडेच. म्हणून जॅकेटकडून मागायचं ते एवढंच: काही सेकंद मिळावेत आणि जखम उथळ राहावी. तेवढं काम चांगलं जॅकेट करतं, आणि तेही कमी नाही.

घ्यायचं ठरलंच तर मापं तीन. मान जिथे खांद्याला मिळते तिथला घेर, पुढच्या कोपरांच्या मागून छातीचा घेर, आणि खांद्यामधल्या उंचवट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी. दोन मापांच्या मधे अडकलात तर छातीचा घेर प्रमाण माना. घातल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं सपाट जायला हवीत. तीन गेली तर मोठा कुत्रा जॅकेट धरून ओढेल आणि तुमचं कुत्रं त्यातून निम्मं बाहेर येईल. एकही जात नसेल तर काखेत घासून कातडी सोलवटेल. सुरुवातीला घरातच दहा-पंधरा मिनिटं घालून काख तपासा. लाल झालेली जागा तिथेच पहिल्यांदा दिसते.

बिघाडाची पहिली जागा वेल्क्रो. त्यात केस आणि धागे अडकत जातात, पकड जाते आणि ऐन झटापटीत पोटाखालचा पट्टा सुटतो. जुना टूथब्रश फिरवून तो साफ ठेवा. शक्य असेल तर वेल्क्रोसोबत बक्कलही असलेलंच मॉडेल निवडा. केव्हलरचं दुखणं वेगळं: ब्लीच आणि ऊन या दोन्हींनी धागा कमजोर होतो. साध्या साबणाने हाताने धुवा, सावलीत वाळवा. गॅलरीच्या कठड्यावर दिवसभर टाकलेलं जॅकेट दिसायला धडधाकट असतं, ताकद मात्र गेलेली असते.

उकाड्यात हे घालू नये. कुत्रं मुख्यतः धापा टाकून अंग गार करतं. त्यावर जाड कापडाचं वेष्टण आलं, आणि त्यात पगसारखं चपट्या नाकाचं कुत्रं असेल, तर उष्माघाताचा धोका मोठ्या कुत्र्याच्या धोक्याहून जवळचा. आणखी एक अडचण जाहिरातीत दिसत नाही: काटे मित्र-शत्रू ओळखत नाहीत. घाईत उचलताना ते तुमच्या मनगटात घुसतात, हात आपोआप सुटतो. काढता येणारे काटे असतील तर पाठीच्या मधली पट्टी काढून टाका आणि मानेवरची ठेवा.

आता थोडं बाजूला जाऊन. एकच वस्तू घेण्याइतके पैसे असतील, तर जॅकेटऐवजी पाठीवर हँडल असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्ट्यांचा साज, घ्या. पाचपैकी साडेचार. छोट्या जातींची श्वासनलिका नाजूक असते. गळपट्ट्याला धरून उचललं तर खोकल्यापासून नलिका दबण्यापर्यंत काहीही होऊ शकतं, आणि मोठ्या डोळ्यांच्या चपट्या जातींमध्ये डोळा खोबणीतून बाहेर आल्याचीही उदाहरणं आहेत. हार्नेसमध्ये दोन गोष्टी पाहा. हँडलच्या दोन्ही टोकांची शिवण एकेरी नको, जवळजवळ घातलेल्या आडव्या टाक्यांची हवी. कुत्र्याच्या दुप्पट वजनाची वाळूची पिशवी हँडलला टांगून पाहिली की शिवणीचं खरं रूप कळतं. दुसरं, बरगड्यांच्या मागे तिसरा पट्टा असावा. घाबरलेलं कुत्रं मागे सरकत डोकं काढून घेतं, आणि दोनच पट्ट्यांच्या हार्नेसमधून ते सहज निसटतं.

उचलायची रीत घरी सराव करून ठेवा. एक हात हँडलमध्ये, त्याच क्षणी दुसरा छातीखाली, कुत्रं बगलेत घट्ट आणि तुमची पाठ किंवा बाजू समोरच्याकडे. नुसत्या हँडलला लटकवून, हवेत हात उंच करून फिरवलं की समोरचा कुत्रा उडी मारतोच. उचलणं लवकर हवं, तो दहा पावलांवर असताना. दातात धरल्यावर ओढलं तर जखम तुम्हीच फाडता.

लीश दीड ते दोन मीटरची, साधी. आपोआप गुंडाळणारी पाच मीटरची लीश या कामासाठी शून्य गुणांची: ताण असताना ती परत गुंडाळली जात नाही, आणि दोरी हाताने ओढायला जावं तर तळवा भाजल्यासारखा कापतो.

सिट्रोनेलाचा, म्हणजे लिंबासारख्या वासाच्या गवती तेलाचा, स्प्रे अजून दूर असलेल्या, कुतूहलाने किंवा थोड्या आक्रमकपणे येणाऱ्या कुत्र्यावर चालतो. एकदा पकडलं की जवळजवळ निरुपयोगी. मिरचीच्या स्प्रेपेक्षा बरा, कारण वाऱ्याने उलटला तरी तुमचे डोळे मिरचीसारखे जळत नाहीत. बटण दाबताच उघडणारी छत्री मात्र खरोखर गुणी: मधे अचानक मोठी आडवी भिंत उभी राहते, समोरच्याला तुमचं कुत्रं दिसेनासं होतं आणि उचलायला वेळ मिळतो. अट एकच, आधी घरात तिची सवय लावायची. नाहीतर तुमचंच कुत्रं दचकून लीश सोडवेल. माणसाला ऐकू न येणारा तीव्र आवाज काढणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रांवर पैसे घालवू नका, त्यांचा भरवसा धरता येत नाही आणि त्रास मात्र तुमच्याही कुत्र्याला होतो.

झटापट झालीच, आणि जॅकेटवर दातांचे वण असून खाली रक्ताचा थेंब नसला, तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा. एक्स-रे काढायचा का, हे त्यांना ठरवू द्या. भराभर किंवा कष्टाने होणारा श्वास, फिकट किंवा निळसर हिरड्या, कुशीत घेताना कण्हणं, यातलं एकही दिसलं तर तासाभराचीही वाट बघू नका. ते जॅकेट नंतर पुन्हा वापरायचं असेल तर वण पडलेल्या जागी कापड उजेडासमोर धरून पाहा. धागे सरकून उजेड आरपार येत असेल तर ते टाकून द्या.