बाराव्या पडद्यावरचा सा आणि माझे २४,५०० रुपये

लाज बाजूला ठेवून लिहायलोय. वय ४३, टॉवेलच्या कारखान्यात १७ वर्षं अकाउंट बघतो, दुसऱ्याच्या बिलातली शंभर रुपयाची चूक मला लांबनं दिसती, आणि मी स्वतः बिल न घेता २४,५०० रुपये एका माणसाच्या हातात ठेवून आलो.

गिटारचं खूळ जुनंच. कॉलेजला गॅदरिंगमधे एकाने लाल इलेक्ट्रिक गिटार वाजवलेली, ती डोक्यातनं गेलीच नाही, मग नोकरी, लग्न, पोरगी, घराचा हप्ता, सगळ्यांचं होतं तेच. यंदा दिवाळीला बोनस बरा झाला आणि बायको म्हणाली घ्या एकदाची, नाहीतर म्हातारपणी मला तेच तेच ऐकवाल. कारखान्यात सांगितलं तर लूमवरचा एकजण म्हणतो, "काय बे, या वयात गिटार? टाळ घे की त्यापेक्षा." आता टाळ, पेटी आमच्या घरात आहेच, अण्णा म्हणजे वडील भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि मी लहानपणापासनं त्यांच्या मागं बसून कोरस दिलाय. हे मुद्दाम सांगायलोय, पुढं त्याचं काम आहे.

तर एक जाहिरात दिसली. ओरिजिनल मेक्सिकन फेंडर स्ट्रॅटोकास्टर, अर्जंट विकणे, ३२,०००. फोटोत गिटार निळ्या मोराच्या सोलापुरी चादरीवर ठेवलेली. मी लगेच खूष, आपल्याच गावचा माणूस! तोवर मोबाईलवर वाचून वाचून एवढं कळलेलं की फेंडर अमेरिकन कंपनी, स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) हे तिचं इलेक्ट्रिक गिटारचं एक मॉडेल, त्यांचा एक कारखाना मेक्सिकोत आहे, तिथली गिटार अमेरिकेतल्यापेक्षा स्वस्त पडती पण नवी घ्यायची म्हणलं तर तीसुद्धा आपल्या आवाक्याबाहेर. म्हणजे ३२ हजारात म्हणजे लॉटरीच. फोन केला. समोरच्याने पहिलाच प्रश्न विचारला, "याआधी वाजवलंय का कधी?" मी म्हणलं नाही सर, शून्यापासनं सुरुवात आहे. "काही हरकत नाही, शिकवतो की आपण." काय गोड वाटलं ते ऐकून! दुकानात गेलं की पोरं वरनं खाली बघतात, हा माणूस मात्र सर म्हणून बोलतोय.

रविवारी जुळे सोलापुरात त्याच्या क्लासवर गेलो. पहिला मजला, भिंतीला दोन तीन गिटारी, खाली सतरंजीवर कॉलेजची दोन पोरं बसलेली. चहा आला. मग सरांनी गिटार एका मोठ्या ॲम्पला, म्हणजे आवाज मोठा करायच्या स्पीकरला जोडली, पायाखाली डिस्टॉर्शनचा, म्हणजे आवाज फाडून दणकट करायचा पेडल, आणि असं काही वाजवलं की खिडकीच्या काचा थरथरल्या. माझ्या अंगावर काटा. त्यांचा डावा हात सगळा वेळ गिटारच्या डोक्याकडच्या बाजूला होता, पहिल्या तीन चार पडद्यांच्या, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांच्या, वर तो एकदाही गेला नाही, पण हे त्यावेळी कुणाच्या बापाला कळतंय. मग त्यांनी गिटार माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, "बघा की वाजवून."

इथंच मेलो मी. मला वाजवता येत नव्हतं. ती दोन पोरं बघत होती. मी हसून म्हणलं, नको सर, मला काय कळणारंय, तुम्ही वाजवलं ते ऐकलं की.

३२ चे २४,५०० झाले, वर दहा वॅटचा छोटा ॲम्प, केबल, बॅग आणि तीन महिने क्लास फुकट. ५,००० मोबाईलवरनं पाठवले, बाकी रोख द्या म्हणाले, बँकेचा काहीतरी लोचा चालूय. बिलाचं विचारलं तर "आपल्यात बिल कशाला, मी कुठं पळून चाललोय, इथंच आहे की." मी अकाउंटंट. मान हलवली.

पहिले पंधरा दिवस बोटं सोलली, ते सगळ्यांचंच होतं, त्यात काही नाही. सी कॉर्ड, जी कॉर्ड, तारा झणझणायच्या, सर म्हणायचे बोटं तयार नाहीत. बरं. तिसऱ्या आठवड्यात मला स्वतःलाच सुचलं की कॉर्ड जाऊदे, आपल्याला येतंय ते वाजवू, एका तारेवर सरगम काढू. मोकळी तार, म्हणजे पडदा न दाबता वाजणारी, सा धरली तर सातव्या पडद्यावर प आणि बाराव्यावर तार सा, हे हिशोबानं बसतंय. खालचे सूर जरा बरे लागले, प काही मनासारखा बसला नाही, आणि तार सा तर चक्क उतरलेला. परत केलं, परत उतरलेला. वर वर जाईल तसा सूर खाली बसत चाललेला, जशी काही पायरीच खचायलीय.

सरांना विचारलं. तर म्हणाले, "तुमचा कान इंडियन आहे, वेस्टर्नमधे सूर वेगळे असतात, सवय होईल."

आणि मी मान्य केलं! मोबाईलमधल्या ट्यूनरच्या ॲपवर सहाही मोकळ्या तारा हिरव्या दाखवत होत्या, म्हणजे गिटार बरोबर, म्हणजे चूक माझीच. तोच ॲप बारावा पडदा दाबून बघायचा, एवढं साधं डोक्यात आलं नाही. बाकी सोडा, सा पासून तार सा म्हणजे कंपनं बरोब्बर दुप्पट, ते सोलापुरात दुप्पट आणि न्यूयॉर्कमधे पण दुप्पट, त्यात वेस्टर्न इंडियन काही नसतंय. पंचमाचा फरकसुद्धा इतका बारीक की साध्या कानाला कळायचा नाही. हे सगळं मी नंतर वाचलं. त्यावेळी मी दीड महिना रोज रात्री तासभर बसून स्वतःचा कान दुरुस्त करत होतो. एकदा अण्णा आतल्या खोलीतनं म्हणाले, "वरचा सा लागेना रे तुझा," तर मी त्यांच्यावर खेकसलो की तुम्हाला यातलं कळत नाही अण्णा, हे वेस्टर्न आहे. पैशापेक्षा हे जास्त लागतंय मला.

पाचव्या क्लासनंतर खोलीला कुलूप. फोन केला तर बाहेरगावी आहे, मग उचलणंच बंद.

डिसेंबरात अण्णांच्या पेटीचा भाता फाटला. बाळीवेशीकडच्या एका बोळात एक म्हातारे चाचा पेटी तंबोरे दुरुस्त करतात, तरुणपणी मिरजेला सतारीच्या कामावर होते. अण्णाच म्हणाले तुझी ती पण घे बरोबर. मी म्हणलं त्यांना इलेक्ट्रिकमधलं काय कळणार. अण्णा म्हणाले तारच आहे ना तिला?

चाचांनी ॲम्प वगैरे काही मागितलं नाही. गिटार मांडीवर घेतली, एक तार छेडली, कान लाकडाला लावला. मग एक एक पडदा दाबत वर गेले आणि बाराव्यावर येऊन हसले. म्हणाले, "तंबोऱ्याला जवारी काढायला आम्ही अर्धा अर्धा दिवस घालवायचो बेटा, तुझ्या गिटारला तर फुकटातच लागलीय." जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारेला मुद्दाम आणलेली झणझण. मग डब्यातनं दोरा काढला. तारा जिथनं सुरू होतात त्या पांढऱ्या पट्टीवर, म्हणजे नटवर, दोऱ्याचं एक टोक धरलं आणि बाराव्या पडद्यापर्यंत ताणून तिथं नखानं चिमटा घेतला. तेवढाच दोरा तिथनं पुढं घोडीकडं, म्हणजे ब्रिजकडं नेला. दोरा पोचलाच नाही. करंगळीच्या जाडीएवढा कमी पडला.

मी घरी येऊन पट्टीने मोजलं. नटपासून बाराव्या पडद्यापर्यंत ३२.४ सेंटीमीटर, तिथनं ब्रिजपर्यंत ३३.६. फेंडरच्या स्ट्रॅटची तार साडेपंचवीस इंच, म्हणजे जवळपास ६४.८ सेंटीमीटर, तिचं निम्मं ३२.४, दांडीचा हिशोब बरोबर होता. तार दाबली की ताणली जाऊन सूर किंचित चढतो म्हणून ब्रिज दोन तीन मिलिमीटर मागं असतोच, पण बारा मिलिमीटर नाही. आणि ब्रिजवरचे सहाही दाणे, ज्यावर तारा टेकतात ते, पार पुढच्या टोकाला ढकलून संपवलेले होते. म्हणजे ज्याने विकली त्याला माहीत होतं. त्याने जमतंय तेवढं पुढं सरकवून बघितलेलं, आणि नाही जमलं तेव्हा माझ्यासारखा शोधला.

चाचांनी मागचे चार स्क्रू सोडले आणि दांडी बाहेर काढली. खाचेत काड्यापेटीच्या काड्या, भुसा आणि फेविकॉल, वर काळा रंग. "ही दांडी या बॉडीची नाहीच. खाचेत पूर्ण बसेना म्हणून पुढं ओढून नवीन भोकं मारलीत." दांडीच्या आतल्या सळईचा नटबोल्ट पण घासून गुळगुळीत झालेला, म्हणजे दांडी वाकली तर सरळ करायची सोय नाही. मग त्यांनी डोक्यावरच्या फेंडर नावावरनं नख फिरवलं, कडेला नख अडलं, स्टिकर. मागं सिरियल नंबर पण नाही, मेक्सिकोतल्या नव्या गिटारींवर एमएक्स आणि पुढं सालाचे आकडे असतात म्हणे, इथं कोरं. स्ट्रॅटोकास्टर १९५४ पासूनची, तिच्या आकाराच्या गिटारी जगभरात शेकड्यानं बनतात आणि त्यातल्या कित्येक चांगल्या असतात, पण त्यावर दुसऱ्याचं नाव चिकटवायचं म्हणजे सरळ चोरी.

दुरुस्त होईल का विचारलं तर चाचा म्हणाले होईल, पण जेवढे पैसे घालशील तेवढ्यात दुसरी येईल. पेटीचे पैसे घेतले, गिटारचे घेतले नाहीत. अण्णा रिक्षात एक शब्द बोलले नाहीत, बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या नंबरवरनं सरांना फोन केला, उचलला. "सेकंड हँड मालाला गॅरंटी नसती, तुम्ही बघून घेतलीत. वाजवून बघा म्हणलेलो की नाही मी?" म्हणलेला. साक्षीला दोन पोरं पण होती. व्हॉट्सॲपवर त्याने ओरिजिनल मेक्सिकन लिहिलेले सगळे मेसेज सगळ्यांसाठी केव्हाच डिलीट करून टाकलेले आणि मी एकाचाही स्क्रीनशॉट ठेवलेला नाही. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावला तर साहजिकच आधी बिल काय आहे ते विचारलं. माझ्याकडं काय, तर ५,००० ची एक एंट्री, त्यात नुसतं 'गिटार' लिहिलेलं. तक्रार केलीय, बघू.

आता एवढं ऐका. वाजवता येत नाही म्हणून गिटार तपासता येत नाही असं काही नसतं. ॲम्प बंद करायला सांगा, पेडल काढायला सांगा, आणि मोकळी गिटार मांडीवर घेऊन पहिल्या तारेचा पहिला पडदा दाबा, छेडा, मग दुसरा, मग तिसरा, असं सगळ्यात वरपर्यंत. सहा तारा, २२ पडदे असले तर १३२ जागा, दहा पंधरा मिनिटं लागतात, कुणी हसलं तर हसूद्या. कुठं खरखर होती, कुठं आवाज मरतो, ते बहिऱ्यालाही कळतं. मग ट्यूनर लावून मोकळी तार आणि बारावा पडदा, दोन्हीला एकच अक्षर हिरवं यायला पाहिजे, आणि थोडंसं हुकलं तर ब्रिजचे दाणे मागं पुढं करून ते जुळवता येतं, तेवढ्यानं घाबरू नका, फक्त दाणे सरकायला जागा शिल्लक आहे का ते बघा. खिशात टेप ठेवा. दांडी बंदुकीसारखी डोळ्याला लावून बघा पीळ पडलाय का. आणि विकणारा स्वतः वाजवून दाखवायला लागला की त्याला वरच्या पडद्यांवर वाजवायला लावा, बाराव्याच्या पुढं. डिस्टॉर्शनमधे सगळंच भारी वाटतं हो, त्यात कारखान्यातला लूम जोडला तरी भारी वाटेल. दाखवला तोच ॲम्प देणार का हे पण विचारा, मला दिला त्याचा आवाज एकाच दिवसात डब्यासारखा झाला. जाहिरातीचा आणि चॅटचा स्क्रीनशॉट पैसे द्यायच्या आधी काढून ठेवा. रोख द्यायचेच असले तर कागदावर गिटारचं वर्णन, रक्कम, तारीख, सही. नाही म्हणाला तर उठा.

जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेची सुट्टी होती तेव्हा मी पुण्याला जाऊन दुकानातनं नवी घेतली, साधी, नाव मोठं नाही, १४,८०० ला, बिलासकट. दुकानात बसून १३२ जागा दाबल्या. दुकानातला पोरगा वैतागला, पण तिसऱ्या तारेला पंधराव्या पडद्यावर खरखर सापडली तेव्हा त्यानेच आतनं दुसरा पीस आणून दिला. जुनी खुंटीला टांगलीय, अण्णा म्हणतात टाकू नको, असूदे.

आणि गेल्या रविवारी जाहिरात परत दिसली. गिटार वेगळी, यावेळी काळी, नाव परत मोठ्या कंपनीचं, किंमत २९,०००, नंबर वेगळा. पण खाली तीच निळ्या मोराची चादर, कोपऱ्यात चहाचा तोच डाग. मी ऑफिसातल्या एका पोराला म्हणलं तुझ्या फोनवरनं मेसेज कर, नुसतं विचार अजून आहे का म्हणून. दोन मिनिटात उत्तर आलं.

"हो आहे सर. याआधी वाजवलंय का कधी?"