सहा महिने एजन्सी, नऊ महिने कन्सल्टंट: आमच्या मसाल्याच्या धंद्यातला अनुभव

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमचं कांदा-लसूण मसाल्याचं छोटं दुकान आहे. मसाला सासूबाईंच्या हाताचा. कांडप, पॅकिंग आणि फोन माझ्याकडे. दुकानातलं गिऱ्हाईक बरं होतं, पण पार्सलचं काम वाढत नव्हतं. म्हणून आधी मार्केटिंगची एजन्सी लावली आणि ती सोडल्यावर मार्केटिंगचा सल्ला देणारा कन्सल्टंट. दोन्हीकडे स्वतःचे पैसे गेलेत, त्यामुळे जे झालं तेच लिहिते.

एजन्सी कोल्हापुरातलीच, नाव लिहीत नाही. महिन्याला १८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४०. जाहिरातीचे १०,००० वेगळे. त्यांच्या फीमध्ये महिन्याला १२ पोस्ट, ४ रील आणि एक रिपोर्ट. पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोटोग्राफर येऊन गेला. त्यानं काढलेले फोटो आजही आमच्या पाकिटावर आहेत. पोरगा गुणी होता, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पुढची. दुसऱ्या महिन्यात पांढऱ्या रश्श्याचा झकास फोटो पडला आणि खाली ओळ, ‘आमच्या कांदा-लसूण मसाल्याची जादू’. पांढऱ्या रश्श्यात कांदा-लसूण मसाला! खाली कमेंट आली, ‘वहिनी, मग तांबड्यात काय घालता, खोबऱ्याचं दूध?’ दिवसभर फोनवर लोक हसत होते. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा एकच प्रश्न होता, ‘हे लिहिणाऱ्यानं कधी रस्सा खाल्लाय का?’ चौकशी केली तर लिहिणारी मुलगी नवीन होती, एकाच वेळी नऊ गिऱ्हाइकांची पानं सांभाळत होती. करार करताना जे साहेब समोर बसले होते, ते त्यानंतर परत दिसले नाहीत. ‘कोल्हापुरी’तला ‘पु’ तर मी सहा महिने ऱ्हस्व करून घेत होते.

रिपोर्ट मात्र देखणा यायचा. रीच (किती जणांनी पाहिलं) अमुक लाख, इम्प्रेशन (किती वेळा दिसलं) तमुक लाख. माझ्या वहीत महिन्याला पंचेचाळीस-पन्नास पार्सलं. आधी चाळीस होती. वाढलेल्या पाच-दहा पार्सलांसाठी महिन्याला एकतीस हजार जात होते. हे विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘मॅडम, आधी ब्रँड अवेअरनेस होऊ दे,’ म्हणजे आधी लोकांना नाव माहीत होऊ दे.

खरा फटका सोडताना बसला. जाहिरातीचं अकाउंट त्यांनी स्वतःच्या पोर्टफोलिओत, म्हणजे त्यांच्याच खात्याखाली उघडलं होतं. कोणती जाहिरात कुणाला दाखवली, कुठल्या गावातून मेसेज आले, ती सगळी माहिती त्यांच्याकडेच राहिली. पेजचा ताबा मिळायलाही तीन आठवडे मागं लागावं लागलं. यात चूक माझीही आहे, कारण करार वाचला नव्हता. पेज आणि जाहिरातीचं अकाउंट आपल्या नावावर ठेवून एजन्सीला फक्त पार्टनर म्हणून अ‍ॅक्सेस देता येतो, हे मला नंतर कळलं.

फेब्रुवारीत कन्सल्टंट घेतला. पन्नाशीतले गृहस्थ, आयुष्यभर किराणा मालाच्या सेल्समध्ये फिरलेले. पहिल्या महिन्याचे १५,०००, मग महिन्याला दोन भेटींचे ८,०००. पहिल्या भेटीत लॅपटॉप उघडलाच नाही. पार्सलची वही मागितली आणि काउंटरशेजारच्या स्टुलावर बसून तीन महिन्यांचे पत्ते पेन्सिलीनं वेगळे केले. हडपसर, पिंपरी, कोथरूड, डोंबिवली, ठाणे. निम्म्याहून जास्त आडनावं इकडचीच. म्हणाले, ‘ताई, तुमचं गिऱ्हाईक नोकरीसाठी गाव सोडून गेलेलं माणूस आहे. अख्ख्या भारताला जाहिरात कशाला दाखवताय?’

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचे फोन ऐकले. प्रत्येक जण दोनच गोष्टी विचारत होता: मिरची कुठली आणि कांडप कधीचं? एजन्सीच्या बहात्तर पोस्टमध्ये याचं उत्तर कुठंच नव्हतं. आता पाकिटावरच छापलंय, रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, आणि खाली कांडपाची तारीख. गुगल मॅपवर आमच्या दुकानाची पिन मागच्या बोळात होती, तीही त्यांनीच हलवायला लावली.

जाहिरात फक्त पुणे आणि मुंबई-ठाण्यात, तीही फेब्रुवारी ते मे, कारण वर्षाचा मसाला घरोघरी उन्हाळ्यातच भरतात. महिन्याला ६,०००. व्हिडिओ मोबाईलवर काढलेला: सासूबाई खोबरं भाजतायत आणि मागं कुकरची शिट्टी. दाबलं की थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडतं. गेल्या वर्षी ऐन हंगामात, एप्रिलमध्ये, ८८ पार्सलं गेली होती, यंदा १४१. याच काळात पाकीटही बदललं, त्यामुळे सगळं श्रेय जाहिरातीला देणार नाही.

पण कन्सल्टंट घेतला की सुटलो असं समजू नका. तो एकही पोस्ट बनवत नाही, मेसेजला उत्तर देत नाही. सांगतो आणि जातो, करायचं आपण. ‘पंधरा मिनिटांत रिप्लाय गेला पाहिजे’ हे त्यांचं वाक्य. एप्रिलमध्ये माझे दोन्ही हात कोपरापर्यंत मिरचीत, फोनची काच तेलानं लाल, आणि चुकून तोच हात डोळ्याला लागला तर तासभर काम बंद. एका आठवड्यात चाळीसेक मेसेज तसेच पडून राहिले. पुढच्या भेटीत त्यांनी ते मोजून दाखवले, तेव्हा खरं सांगते, रागच आला. एजन्सीत निदान कुणीतरी बसून टाईप करत होतं. शेवटी नणंदेच्या मुलीला रोज दुपारी दोन तास बसवलं, महिन्याला ५,००० देऊन.

एवढं करूनही नऊ महिन्यांत कन्सल्टंटची फी ७९,००० झाली, जाहिरात २४,०००. एजन्सीचे सहा महिन्यांचे जाहिरातीसकट १,८७,४४० झाले होते.

गोकुळ शिरगावला फाउंड्री असलेल्या माझ्या भावानं मात्र एजन्सीच ठेवलीय आणि तो खूश आहे. त्याला इंग्रजी कॅटलॉग, वेबसाइट, प्रदर्शनाचा स्टॉल एवढं सगळं एकदम हवं होतं, आणि कुणाला काय विकायचं हे त्याला आधीच पक्कं ठाऊक होतं. आम्हाला नेमकं तेच ठाऊक नव्हतं.

ऑक्टोबरनंतर कन्सल्टंट सरांची भेट तीन महिन्यांतून एकदाच ठेवलीय. ते स्वतःच म्हणाले, ‘दर महिन्याला सांगण्यासारखं आता काही उरलेलं नाही.’ पुढची भेट जानेवारीत, मिरची बाजारात यायला लागली की. तोवर त्यांनी गृहपाठ दिलाय: ज्यांनी गेल्या वर्षी मसाला नेला आणि यंदा मागवला नाही, अशा ६३ जणांना एकेक करून फोन. आजपर्यंत अकरा झालेत. त्यातल्या चौघांनी सांगितलं, मसाला फार तिखट होता.