सीमली टूडी: ब्लाउज बेतायला कितपत चालतं?

सीमली टूडी हे संगणकावर कपड्यांचे पॅटर्न बेतायचं सॉफ्टवेअर. ते उघडून नवीन पॅटर्न सुरू केला की पडद्यावर एकच बिंदू दिसतो, नाव ए. तयार ब्लाउज नाही, मॉडेल नाही, कापडाचा रंग नाही. ब्राउन पेपरच्या कोपऱ्यातून बेतायला घेतो तसंच इथेही, फक्त पट्टी-पेन्सिलीऐवजी सूत्रं लिहायची. म्हणजे ज्यांना हाताने बेतता येतं त्यांनीच या वाटेला जावं. कटिंग शिकायचं म्हणून हे उघडलं तर दोन दिवसांत बंद होईल.

मूळ प्रकल्प व्हॅलेंटिना. रोमान तेलेझिन्स्की आणि सुझन स्पेन्सर यांचा. २०१७ मध्ये त्याच्या दोन वाटा झाल्या: एक व्हॅलेंटिना, दुसरी सीमली. दोन्ही मोफत, दोन्ही मुक्त-स्रोत. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतात. खालचं बहुतेक दोघांनाही लागू आहे.

मापं सीमली-मी या जोडप्रोग्रॅममध्ये भरायची. छाती, कंबर, गळा, खांदा यांची नावं इंग्रजीत आणि ठरलेली आहेत, माप कुठून कुठे घ्यायचं त्याचं चित्रही शेजारी येतं. खांद्यापासून टक पॉइंटपर्यंतचं माप (टक म्हणजे फिटिंगसाठी शिवलेली चुणी) किंवा पुढच्या गळ्याची खोली आपल्या पद्धतीने हवी असेल तर स्वतःचं माप जोडायचं. त्याचं नाव @ ने सुरू होतं. एकक सुरुवातीलाच इंच निवडा. टेपवरचं सूत (इंचाचा आठवा भाग) इथे नाही, पण साडेसहा इंच आणि एक सूत हे ६.६२५ किंवा सरळ ६+५/८ असं लिहिलं की चालतं.

आता पाठ. ए हा वरचा कोपरा. कोन उजवीकडे शून्य, वर ९०, खाली २७०. ए पासून २७० अंशांवर पाठीची उंची, त्याच रेषेवर मुंढ्याची (बाही जोडायच्या गोलाची) खोली छाती/६, शून्य अंशावर गळारुंदी छाती/१२ आणि खांद्याचा निम्मा. मुंढ्याच्या रेषेवर छाती/४. ३६ च्या छातीला हे अनुक्रमे ६, ३ आणि ९ इंच होतात. सैलपणा किती द्यायचा तो # ने सुरू होणारा वेगळा चल (नाव दिलेला, बदलता येणारा आकडा) करून ठेवा आणि छातीच्या सूत्रात मिळवा. मग फिटिंग घट्ट वाटलं तर एकाच जागी आकडा बदलतो आणि पाठ, पुढा दोन्ही हलतात.

नवा माणूस हमखास चुकतो तो इथेच: सूत्राच्या जागी आकडा टाकतो. मुंढ्याला ६ लिहिलं, ३६ चा ब्लाउज छान बसला, मग ४० ची मापं लावली. पाठीची रुंदी ९ वरून १० झाली, मुंढा मात्र ६ वरच अडकला, तो ६.६७ हवा होता. ब्लाउज काखेत कापतो आणि दोष सॉफ्टवेअरला मिळतो. तोच प्रकार वक्र रेषांचा. मुंढ्याचा गोल माउसने ओढून सुबक केला की त्याला वळण देणाऱ्या दोन्ही दांड्यांच्या (हँडलच्या) लांबीत साधे आकडे बसतात, आणि माप बदललं की गोलाला पोक येतो. तिथे जवळच्या रेषेच्या लांबीचा तिसरा हिस्सा असं काहीतरी सूत्र द्या. पॅटर्न तयार झाला की ३२ आणि ४२ अशा दोन टोकांच्या मापांच्या फायली लावून बघायच्या. जिथे आकडा राहिला असेल ती जागा लगेच उघडी पडते.

बाहीसाठी मात्र हे सॉफ्टवेअर ब्राउन पेपरला सहज मागे टाकतं. पाठीच्या आणि पुढ्याच्या मुंढ्याची लांबी चलांच्या तक्त्यात आपोआप नोंदवली जाते. तीच बाहीच्या सूत्रात वापरायची. टेप उभी धरून गोल मोजायची कसरत संपली, आणि बाही जोडताना मागे उरणारा अर्धा इंच कुठून आला हा प्रश्नही.

टकसाठी वेगळं हत्यार आहे, ते टक मिटल्यावर कडेची रेषा सरळ कशी राहील ते बघतं. चार टकचा ब्लाउज त्यात नीट होतो. कटोरी ब्लाउजला (छातीवर वाटीसारखा वेगळा तुकडा जोडतात तो) मेहनत जास्त.

बेतून झालं की तुकडे वेगळे काढायचे. बिंदू घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच निवडावे लागतात, नाहीतर माया (शिवणीसाठी कडेने सोडलेली जादा जागा) आतल्या बाजूला पडते. एखादा गोल उलटा येत असेल तर तो निवडताना शिफ्ट दाबून ठेवायचा. माया प्रत्येक कडेला वेगळी देता येते: घडीच्या कडेला शून्य, खांद्याला अर्धा इंच, बाजूला उसवून वाढवण्यासाठी दीड, खाली दुमडीला एक. बाहीच्या खालच्या कडेला कोपऱ्याचा प्रकार सममिती असा निवडा. बाही खाली निमुळती असते, त्यामुळे साध्या कोपऱ्याने दुमड आत घेतली की ती अपुरी पडते आणि शिवण ओढली जाते.

छपाईत सगळं बिघडवणारी एक खूण असते: प्रिंटरच्या खिडकीतलं 'पानात बसवा'. ती काढून १०० टक्के करा. ९७ टक्क्यांवर छापलं गेलं तर ३६ ची छाती ३४.९ होते, एक इंचाहून थोडं जास्तच गायब. आधी १० सेंटीमीटरचा एक चौकोन छापून पट्टीने मोजा. घडीवरची अर्धी पाठ मायेसकट साडेदहा इंच रुंद, म्हणजे ए-४ ची चार पानं चिकटवावी लागतात. आर्किटेक्टचे नकाशे छापणाऱ्याकडे ए-० आकाराची एकसंध पीडीएफ दिली तर चिकटवायची कटकट वाचते.

तुकड्यांची आपोआप मांडणी मात्र आपल्या कामाची नाही. ती कागद वाचवते, कापडाच्या काठाचं तिला काही कळत नाही. साडीच्या ब्लाउजपीसला एका कडेने काठ असतो आणि बाहीची खालची कड त्याच काठावर यायला हवी. प्रोग्रॅम बाही जागा मिळेल तिथे टाकून मोकळा होतो. म्हणून तुकडे छापून, कापून, ८० सेंटीमीटरच्या पीसवर हातानेच मांडा: आधी दोन्ही बाह्या काठावर, मग पाठ आणि पुढा, आणि पट्ट्या उरल्या-सुरल्यातून.

वर्षातून दोन ब्लाउज स्वतःचेच शिवणाऱ्याने याच्या मागे लागू नये, वही पुरे. घरी बसून दहा-बारा जणींचे शिवणाऱ्यांनी एक पाठ, एक पुढा, एक बाही एवढं सूत्रात बसवावं. साधारण चार-पाच संध्याकाळी जातील. एक खबरदारी: फाइल उघडताना मापाचं नाव सापडलं नाही तर पॅटर्न उघडतच नाही. प्रत्येकीची मापं नव्या फायलीत लिहू नका. पहिलीच फाइल दुसऱ्या नावाने साठवा आणि फक्त आकडे बदला.