बडोद्याची आर्क फर्नेस मॉडेलिंग सेवा: मोजमाप चोख, ग्रिडची बाजू अपुरी

आर्क फर्नेसच्या (विजेच्या आर्कने भंगार वितळवणाऱ्या भट्टीच्या) पॉवर क्वालिटीचा, म्हणजे ती ग्रिडची वीज किती बिघडवते याचा, अभ्यास कुणाकडूनही करून घ्या, आधी एक प्रश्न विचारा: मॉडेलमधला आर्क आमच्या भट्टीचा आहे की पुस्तकातला? बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतून काम करणारी ही सल्लागार सेवा या प्रश्नाला ठोस उत्तर देते. तिची शिफारस करण्याचं पहिलं कारण तेच.

फर्नेस ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला, म्हणजे भट्टीच्या बाजूला, प्रवाह कित्येक हजार अँपिअरचा असतो, म्हणून ही सेवा देणारे लोक कंडक्टरभोवती रोगोव्स्की कॉइल (प्रवाह मोजणारी लवचिक वेटोळी) गुंडाळतात आणि दर सायकलला 256 नमुने घेतात. इलेक्ट्रोडच्या टोकाशी व्होल्टेज मोजता येत नाही. वरच्या बाजूला मोजलेल्या व्होल्टेजमधून लवचिक केबल, आर्म आणि इलेक्ट्रोड यांतला ड्रॉप वजा केला, तरच खरा आर्क व्होल्टेज हाती येतो. त्यासाठी हे लोक सपाट वितळलेल्या धातूत इलेक्ट्रोड बुडवून, खालच्या टॅपवर (ट्रान्सफॉर्मरच्या कमी व्होल्टेजच्या पायरीवर) शॉर्ट-सर्किट टेस्ट घेतात. नेमप्लेटवरचे आकडे उचलणाऱ्यांना तिन्ही फेज सारखे वाटतात. प्रत्यक्षात कंडक्टर एका रांगेत असतील तर मधल्या फेजची रिॲक्टन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) कमी असते.

मॉडेल साधं पण नीट विचार केलेलं आहे. आर्कचा मूळ व्होल्टेज साधारण 40 व्होल्ट अधिक लांबीच्या दर सेंटीमीटरला 10 व्होल्ट, आणि त्यावर हायपरबोलिक व्ही-आय (व्होल्टेज-प्रवाह) वक्र. लांबीचा चढउतार दोन प्रकारे देतात. 8.8 हर्ट्झच्या साइन लाटेने सर्वात वाईट स्थिती कळते, कारण दिव्याची लुकलुक डोळ्याला तिथेच सर्वाधिक जाणवते. रोजच्या स्थितीसाठी 0.5 ते 25 हर्ट्झचा नॉइज (अनियमित चढउतार), तोही तिन्ही फेजना वेगवेगळा. हे शेवटचं फार महत्त्वाचं. तिन्ही फेजना एकच नॉइज दिला की तिसरा हार्मोनिक (मूळ 50 हर्ट्झच्या तिप्पट वारंवारतेचा प्रवाह) झीरो-सिक्वेन्स, म्हणजे तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी एकाच दिशेचा, होतो, न्यूट्रल नसल्यामुळे वाहूच शकत नाही, आणि मॉडेलमधून गायब होतो. खऱ्या भट्टीत, विशेषतः स्क्रॅप वितळताना, तो भरपूर असतो. जोडीला दुसरा आणि चौथाही.

उणीव ग्रिडच्या बाजूला आहे, आणि ती लहान नाही. फ्लिकरचा (दिव्यांच्या लुकलुकीचा) अंदाज काढताना त्यांनी 66 केव्हीच्या जोडबिंदूची (कारखाना ग्रिडला जोडला जातो त्या जागेची) एकच, कमाल फॉल्ट लेव्हल (तिथली शॉर्ट-सर्किट क्षमता, म्हणजे ग्रिडचा जोर) धरली. उदाहरण घेऊ. 30 एमव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर भट्टीची शॉर्ट-सर्किट क्षमता 60 एमव्हीए आणि जोडबिंदूची फॉल्ट लेव्हल 2000 एमव्हीए असेल, तर गुणोत्तर 0.03, त्याला 60 या गुणकाने गुणलं की पीएसटी (दहा मिनिटांतल्या फ्लिकरची तीव्रता) 1.8. एखादी लाइन देखभालीसाठी बंद झाली आणि लेव्हल 1400 वर आली, की तोच आकडा 2.57 होतो. हा गुणक भट्टीनुसार 48 ते 85 असतो, तेव्हा तो मोजमापावरून ठरवायला हवा. एसव्हीसीने (रिॲक्टिव्ह पॉवर झटपट कमी-जास्त करून व्होल्टेज सावरणाऱ्या यंत्रणेने) फ्लिकर साधारण निम्म्यावर येतो. पहिल्या आकड्यावर खरेदी केलेला एसव्हीसी दुसऱ्या स्थितीत तोकडा पडणार.

कपॅसिटर बँकेचीही तीच गत. 33 केव्ही बसवर 400 एमव्हीए फॉल्ट लेव्हल आणि 16 एमव्हीएआरचे कपॅसिटर म्हणजे 400 भागिले 16, अर्थात 25 चं वर्गमूळ, पाचव्या हार्मोनिकला रेझोनन्स (त्या वारंवारतेचा प्रवाह फुगणं). लेव्हल 256 वर घसरली की रेझोनन्स चौथ्यावर सरकतो. वितळणीच्या वेळी भट्टी पाचवाही देते आणि चौथाही, त्यामुळे सुटका कुठेच नाही. आर्कमध्ये इंटरहार्मोनिक्सही (दोन हार्मोनिक्सच्या मधल्या वारंवारता) असतात. केवळ ट्यून्ड (एकाच वारंवारतेला जुळवलेला) फिल्टर लावला तर त्या वारंवारतेच्या खाली समांतर रेझोनन्स उभा राहून ते फुगतात. दुसऱ्या हार्मोनिकसाठी डॅम्पिंग (रेझोनन्स दाबण्याची सोय) असलेला सी-टाइप फिल्टर हवा, हे त्यांच्या रिपोर्टमध्ये आहे, पण परिशिष्टात. ते पहिल्या पानावर हवं होतं.

रिपोर्ट इंग्रजीत असतो. मेल्टिंग शॉपमधल्या फोरमनला मात्र ते मराठी-गुजरातीत, वेव्हफॉर्म दाखवत, घाई न करता समजावतात. इलेक्ट्रोड वर-खाली करणाऱ्या रेग्युलेटरची सेटिंग शेवटी त्याच माणसाच्या हातात असते, म्हणून हा वेळ सार्थकी लागतो.

काम द्यायचं तर ऑर्डरमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या: किमान फॉल्ट लेव्हलवर वेगळं सिम्युलेशन, सलग एक आठवड्याच्या मोजलेल्या पीएसटीशी मॉडेलची तुलना, आणि कच्च्या वेव्हफॉर्मच्या फायली तुमच्या ताब्यात. पीएसटीसाठी पूर्ण 10 मिनिटांचं सिम्युलेशन मागा. 50 मायक्रोसेकंदांच्या स्टेपने त्यात 1 कोटी 20 लाख पायऱ्या होतात. वेळ जातो, पण मिनिटभराच्या सिम्युलेशनवरून काढलेल्या पीएसटीवर एसव्हीसीची क्षमता ठरवू नये.